अस्वलाचे सेक्रेटरी

नानांच्या घरात बिननावाची वस्तू सापडणे कठीण होते. छत्रीचे नाव मेघनाद, कारण ती उघडताना आवाज करी. सायकलीचे नाव पुष्पक. तिच्यावर बसून नाना कधी कुठे वेळेवर पोहोचले नाहीत, पण त्यात नावाचा दोष नव्हता. माडीवरची खोली मी भाड्याने घेतली तेव्हा तिचे नाव वानप्रस्थ असल्याचे मला सांगण्यात आले. मी तेव्हा विशीतला होतो आणि माझे लग्न व्हायचे होते. तसे बोलून दाखवल्यावर नाना म्हणाले, "नाव खोलीच्या स्वभावावरून दिलेलं आहे, भाडेकऱ्याच्या नव्हे."

हे सगळे सोलापुरात, बाळीवेशीत. नाना शाळेत हेडक्लार्क होते आणि मी त्याच शाळेत नवा मास्तर. गावात कुणाचे दुकान निघो, कुणाचे घर बांधून होवो, नावासाठी माणूस नानांकडे येई. ज्या हॉटेलात चहा आणि कालची भजी याखेरीज काही मिळत नसे ते त्यांनी 'सुधासदन' केले होते. चपलांच्या दुकानाला 'चरणसेवा' हे नाव त्यांचेच. तेलाच्या घाण्याला जुंपलेल्या एका बैलाला त्यांनी 'चक्रधर' म्हटले, आणि ते मला आजही त्यांचे सर्वांत चांगले नाव वाटते. या कामाबद्दल ते काही घेत नसत. फक्त दिलेले नाव कुणी बदलले तर त्याच्याशी बोलणे बंद करीत.

घरात मात्र त्या नावांनी बोलणारे ते एकटेच होते. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, छत्रीला छत्री म्हणत. मी त्यांच्याकडेच जेवत असे. पानावर वाढताना काकू जेवढ्यास तेवढे बोलत, आणि नाना उरलेले सगळे बोलत.

नानांची दुसरी सवय लोकांना विचारण्याची. शाळेची घंटा केव्हा व्हावी, पाण्याचा माठ कुठे ठेवावा, याबद्दल ते हेडमास्तरांच्या आधी शिपायाला विचारीत आणि शिपायाच्या आधी मुलांना पोचवायला येणाऱ्या आयांना. "माणसाला विचारलं की तो बोटभर उंच होतो," असे ते म्हणत. त्या दिवसांत गावाला या उंचीची गरज होती. तीस सालचा मार्शल लॉ उठून दोन-तीन वर्षे झाली होती, तरी चार माणसे एका ठिकाणी उभी राहिली की पाचवा पोलीस असे. गावाला कुणी काही विचारत नव्हते. जे व्हायचे ते सांगण्यात येई.

अशा वेळी रावसाहेबांच्या बागेतली अस्वलीण व्याली.

रावसाहेब कापसाचे मोठे व्यापारी. घरात कानडी, पेढीवर मराठी आणि कलेक्टरसमोर मौन, असा त्यांचा भाषाव्यवहार होता. तळ्याच्या बाजूला त्यांनी एक बाग लोकांसाठी खुली केली होती. तिच्यात काही मोर, काही हरणे, एक चिडके माकड आणि एका म्हाताऱ्या दरवेश्याकडून विकत घेतलेली अस्वलांची जोडी होती. बागेचे एक मंडळ होते. रावसाहेब त्याचे तहहयात अध्यक्ष आणि नाना सेक्रेटरी. बाकीचे सभासद कोण होते ते मला कधी कळले नाही, आणि त्यांनाही कळले असेल असे वाटत नाही.

त्या अस्वलिणीची ही तिसरी वेळ होती. पहिल्या पिल्लाचे नाव नानांनी ऋक्षराज ठेवले होते. ते महिन्याभरात गेले. दुसऱ्याचे नाव जांबवान. त्याची पाटी रंगाऱ्याकडून यायच्या आतच ते गेले. तिसरे पिल्लू आईच्या पाठीवर बसून पिंजऱ्यात हिंडू लागले तेव्हा रावसाहेबांनी सेक्रेटरींना नाव विचारले. नाना म्हणाले, "या वेळी लोकांना विचारू."

मला तेव्हा ते नेहमीचेच वाक्य वाटले. पण नानांनी नाव द्यायचे नाकारलेले मी प्रथमच ऐकत होतो.

याला एक मागची गोष्ट होती आणि ती शेजारच्या बाईंनी मला पहिल्याच महिन्यात सांगितली होती. नव्या भाडेकऱ्याला अशा गोष्टी लवकर कळवतात. नानांना तीन मुलगे झाले होते. पहिला प्रभाकर, दुसरा दिवाकर. दोघेही दात यायच्या सुमारास गेले. लागोपाठ मुले जाऊ लागली की पुढच्याला मुद्दाम ओंगळ नाव द्यायचे, म्हणजे मृत्यूला ते उचलून न्यावेसे वाटणार नाही, हा आपल्याकडचा जुना तोडगा. धोंडू, दगडू, केरबा, उकिर्डा या नावांची पुष्कळ माणसे अशीच जगलेली. नाना स्वतः त्यांपैकीच एक. त्यांच्या आधीची भावंडे गेली म्हणून आईने त्यांचे नाव धोंडो ठेवले होते. शाळेच्या कागदांवर ते 'डी. व्ही.' अशी सही करीत आणि गावात नाना म्हणूनच माहीत होते, त्यामुळे हे फार कमी लोकांना ठाऊक होते. तिसऱ्या मुलाच्या वेळी त्यांच्या आईने पदर पसरला की, याला तरी असले एखादे नाव दे. नानांनी चार बुके वाचलेली. "नाव म्हणजे काही दाराचं कुलूप नव्हे," असे म्हणून त्यांनी मुलाचे नाव भास्कर ठेवले. भास्कर पावसाळ्यापर्यंत होता.

नंतर मूल झाले नाही. त्या नावाबद्दल काकू नानांना कधी एक शब्द बोलल्या नाहीत. शेजारच्या बाईंच्या मते तेच वाईट झाले.

नाव सुचवण्याची दवंडी पिटवायला पोलिसांची परवानगी लागली. फौजदारांनी नानांना बोलावून घेतले आणि अस्वलाचा कुठल्या चळवळीशी संबंध आहे का, याची चौकशी केली. पुढाऱ्यांची नावे घेणार नाही, असे नानांनी कबूल केले. राजघराण्यातली नावे चालतील का, असे त्यांनी उलट विचारले. फौजदारांनी विचार केला आणि तीही नकोत म्हणून सांगितले. त्यानंतर गावभर दवंडी फिरली: रावसाहेबांच्या बागेतील अस्वलाच्या पिल्लास नाव द्यावयाचे असून लहानथोर, स्त्रीपुरुष, सर्वांनी बागेत येऊन सांगावे.

रावसाहेबांनी इकडे संगमरवरी शिळाही कोरून घेतली. 'या अस्वलास' एवढे झाल्यावर मोकळी जागा, आणि पुढे 'हे नाव रावसाहेब यांच्या शुभहस्ते' वगैरे. मोकळ्या जागेत पाच अक्षरे मावतील असा पाथरवटाचा अंदाज होता. रावसाहेबांनी नानांना सांगितले, "विचारा की लोकांना, विचारा. विचारून झालं की मग विजयराज ठेवा."

"विचारल्यावर ऐकावं लागतं, रावसाहेब," नाना म्हणाले.

"ऐका की. ऐकायला काय जातंय? ठेवायचं विजयराज."

नाना रोज संध्याकाळी पिंजऱ्याजवळच्या लिंबाखाली टेबल टाकून बसू लागले. लिहिता येणारे थोडे, म्हणून लोकांनी तोंडी सांगायचे आणि नानांनी टिपून घ्यायचे, अशी व्यवस्था होती. रांग सरळ ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. पहिल्या दिवशी कुणी येईल असे मला वाटले नव्हते. पण गिरणी सुटली आणि माणसांचा लोंढाच आला. विणकरांच्या गल्लीतून तेलुगू नावे आली, दक्षिणेकडच्या पेठांतून कानडी, आणि एका टांगेवाल्याने आपल्या गेलेल्या घोड्याचे नाव उर्दूत दिले आणि डोळे पुसत निघून गेला. शाळेतले संस्कृतचे शास्त्री एकाच वेळी बरीच नावे देऊन गेले आणि प्रत्येकाचा अर्थ सांगत राहिल्यामुळे रांग तळ्यापर्यंत गेली. नाना प्रत्येकाला विचारीत, "हे नाव का?" आणि मान हलवीत ऐकत. मी त्यांना इतके सुखी कधी पाहिले नव्हते.

बायका मात्र भलतेच सांगू लागल्या. गिरणीतली एक धिप्पाड बाई टेबलावर हात ठेवून नानांना म्हणाली, "दगड्या लिवा, मास्तर."

नाना म्हणाले, "बाई, जरा चांगलं सांगा. एवढं गोजिरवाणं पिल्लू आहे."

"गोजिरवानं हाय म्हनूनच की. हिची आदुगरची दोन गेली न्हवं? तुमी काय ठिवलं हुतं त्यांचं नाव?"

नानांनी दोन्ही नावे सांगितली.

"ते न्हाय जगत, असल्या नावानं. दगड्या लिवा."

तिच्या मागच्या बाईने उकिर्डा सांगितले, तिच्या मागचीने केरबा. नंतरच्या दोघी-तिघींनी धोंडू. त्या सगळ्या एकमेकींना ओळखत होत्या असे नाही. पिंजऱ्यापाशी उभे राहून त्या अस्वलिणीकडे बघत आणि मग रांगेत येत. नाना नावे लिहून घेत, पण निराळ्या कागदावर. तो कागद मोजायचा नाही, असे त्यांनी घरी परतताना मला सांगितले. "ती नावं नव्हेत, मास्तर. ती भीती आहे. भीतीला मत नसतं." मीही चार बुके वाचलेली होती, म्हणून मला ते पटले. रात्री जेवताना त्यांनी तेच काकूंच्या देखत पुन्हा सांगितले, जरा रंगवून. काकू ताक वाढत होत्या. त्यांनी माझ्या वाटीत ताक वाढले, नानांच्या वाटीत वाढले आणि आत निघून गेल्या.

शेवटच्या दिवशी उन्हे कलली होती आणि बायकांची रांग संपत आली होती. नाना खाली मान घालून लिहीत होते. समोर कुणी येऊन उभे राहिल्याची सावली पडली, तसे सवयीने म्हणाले, "सांगा. नाव कोणतं?"

मग त्यांनी वर पाहिले. समोर काकू उभ्या होत्या. डोक्यावरून पदर, पायांत चपला नाहीत. बाळीवेशीपासून एकट्या चालत आल्या होत्या, आणि काकूंना मी देवळाखेरीज कुठे जाताना पाहिले नव्हते.

"तू इथं कशाला?" नाना म्हणाले.

"दवंडी आपल्या गल्लीतही आली होती."

नानांनी माझ्याकडे पाहिले. मी रांगेकडे पाहिले, कारण ती माझ्याकडे होती.

"बरं. सांग," नाना म्हणाले.

काकूंनी तोंड उघडले आणि मिटले. अडचण काय आहे ते रांगेतल्या बायकांना माझ्याआधी कळले असावे. त्यांच्या पिढीतली बाई नवऱ्याचे नाव उच्चारीत नसे, ना माणसासाठी ना अस्वलासाठी. काकूंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "ज्या नावानं सासूबाईंचं एक मूल राहिलं, ते लिहा."

नानांनी टाक उचलून दौतीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. कागदावर शाईचा थेंब पडला.

काकू अगदी हळू बोलत होत्या, तक्रार केल्यासारखे नव्हे. "मला तेव्हा कुणी विचारलं नाही. आता विचारलंय, म्हणून आले."

मागे उभ्या असलेल्या गिरणीतल्या बाईला यातले किती कळले कोण जाणे. ती म्हणाली, "लिवा की मास्तर. एवढ्या लांबनं आल्यात."

नानांनी लिहिले. मग बायकांच्या नावांचा तो निराळा कागद उचलून त्यावर ठेवला, आणि दोन्ही मिळून एक टाचणी लावली.

बारशाच्या दिवशी रावसाहेबांनी हौस पुरवून घेतली. मांडव, सनई, घुगऱ्या, खणानारळांची ताटे, आणि मध्यभागी फुलांनी सजवलेला पाळणा. कलेक्टर आले नाहीत, पण त्यांनी आपल्या हाताखालच्या एका साहेबाला पाठवले होते आणि तो बिचारा घुगऱ्यांचा द्रोण धरून शेवटपर्यंत उभा होता. पिल्लाला जरीची कुंची घातली होती. पाळणा हलेपर्यंत त्याने तिची जर खाऊन टाकली. मग नाव जाहीर करायला सेक्रेटरी उभे राहिले. रावसाहेब विजयराजच्या तयारीने पगडी सावरून बसले होते.

नाना म्हणाले, "आपण लोकांना विचारलं. लोकांनी सांगितलं. सगळ्यांत जास्त बायाबापड्यांना हे पिल्लू जगावं असं वाटलं, आणि त्यासाठीची जी नावं त्यांना ठाऊक होती ती त्यांनी दिली. त्यातलं एक ठेवतो. नाव धोंडू."

मांडवात हशा झाला. मागे, जिथे बायका उभ्या होत्या तिथे, कुणी हसले नाही. रावसाहेबांनी शेजारच्याला विचारले, हे कुणाचे नाव. शेजारी नेमके आमचे शास्त्री होते आणि त्यांना शाळेच्या हजेरीपुस्तकातली पूर्ण नावे पाठ होती. ते म्हणाले, "सेक्रेटरींचंच की."

एवढ्यावर सगळे उलटले. गावाने ठरवून टाकले की, सेक्रेटरींनी लोकांचे नाव पुढे करून आपलेच नाव अस्वलाला चिकटवले. रावसाहेब सनईच्या वर आवाज काढून म्हणाले, "बाग माझी, अस्वल माझं, घुगऱ्या माझ्या, आणि नाव ह्यांचं? बरं हाय की!" एका साप्ताहिकाने 'स्वनामधन्य सेक्रेटरी' असा मथळा देऊन दीड रकाना लिहिला. ज्याने जन्मभर आपले नाव दोन इंग्रजी अक्षरांमागे लपवले त्याच्यावर नावाच्या हव्यासाचा आरोप आला. नानांचे सेक्रेटरीपद गेले. पोरे रस्त्यात त्यांना 'अस्वलाचे सेक्रेटरी' म्हणू लागली, आणि ते अखेरपर्यंत टिकले. शिळेवरची जागा रावसाहेबांनी कोरीच ठेवली. बाहेरगावचे लोक ती वाचून बुचकळ्यात पडत.

खरे काय ते चारचौघांत सांगा, असे मी नानांना म्हणालो. मांडवात सांगितलेले कुणी ऐकले नव्हते, पण काकूंची गोष्ट सांगितली असती तर गाव गप्प झाले असते. नाना चष्मा पुसत होते. म्हणाले, "तिला बोलायला एवढी वर्षं लागली. ते मी चव्हाट्यावर नेऊन मांडू? म्हणू द्या लोकांना. लोकांनाच विचारलं होतं."

धोंडू जगला. चांगला मोठा झाला, आडदांड आणि गुळाचा लालची. त्या वर्षी बागेच्या रखवालदाराने नराला, तो पिल्ले मारतो म्हणून, पहिल्या दिवसापासून वेगळ्या पिंजऱ्यात ठेवले होते, आणि आधीच्या दोन वर्षी ठेवले नव्हते. ही गोष्ट माझ्या लक्षात आली तेव्हा मी ती मोठ्या उत्साहाने नानांना सांगितली. त्यांनी ऐकून घेतले. "मला ठाऊक आहे," ते म्हणाले, "घरात बोलू नका."

काकू दर सोमवारी भाकरी आणि गूळ घेऊन बागेत जाऊ लागल्या. नाना बरोबर जात, पिशवी धरून. काकूंना अस्वलाचे नाव घेता येत नसे, आणि नाव नवऱ्याचे म्हटल्यावर एकेरी बोलणेही जिभेवर येत नसे. "आज त्यांनी गूळ जरा कमीच खाल्ला," असे त्या परत आल्यावर सांगत. शेजारच्या बाई नानांच्या प्रकृतीची चौकशी करून जात. जेवताना आता काकू पुष्कळ बोलत. भास्करबद्दलही बोलत: त्याला मागचे केस कुरळे होते, तो भांड्यांचा आवाज झाला की हसे. नाना ऐकत. मधे बोलत नसत.

पुढे माझी विजापूरला बदली झाली आणि लग्नही झाले. पहिल्या बाळंतपणासाठी बायकोला तिच्या माहेरी, बार्शीला पोचवायचे होते, तेव्हा वाटेत आम्ही सोलापूरला उतरलो. नाना थकले होते. ऐकू कमी येत होते. ती माझी त्यांची शेवटची भेट. निघायच्या आधी मी म्हणालो, "नाना, दोन नावं सुचवून ठेवा. एक मुलाचं, एक मुलीचं." इतक्या वर्षांच्या ओळखीत मी त्यांच्याकडे नाव कधी मागितले नव्हते. त्यांना बरे वाटेल अशी माझी कल्पना होती.

नानांनी हात हलवून नाही म्हटले. "ते काम मी सोडलं."

मग ते माझ्या बायकोकडे वळले. ती काकूंजवळ बसून लसूण सोलत होती. "तुमच्या मनात कुठलं आहे?" त्यांनी विचारले.

तिने चटकन माझ्याकडे पाहिले.

"तिकडे बघू नका," नाना म्हणाले. "त्यांना विचारलेलं नाही."

काकूंचा हात थांबला होता. नाना कानामागे तळवा धरून पुढे वाकले. माझ्या बायकोने हातातली लसणाची पाकळी खाली ठेवली आणि एक मुलीचे नाव सांगितले. आमच्या दोन्ही घरांत ते कुणाचे नव्हते, आणि मी ते तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो. नानांना नीट ऐकू गेले नाही.

काकूंनी ते त्यांच्यासाठी मोठ्याने म्हटले. मग पुन्हा एकदा, सावकाश, स्वतःशीच.